ठिगळ, चांदणी आणि मायेचे रूपक : मराठी गोधडीच्या समीक्षेची दिशा

सारांश

मराठी साहित्यव्यवहारात गोधडीचा विचार मुख्यतः मातृत्व आणि स्मरण या दोन अंगांनी झाला आहे. या रूपकात्मक वाचनाने गोधडीला भावनिक प्रतिष्ठा मिळाली. मात्र तिची रचना, तंत्र, निर्मितीचा निर्णय आणि श्रमाचे मोल हे प्रश्न मागे पडले. चांदणीची टोके असलेल्या जोडकामाचे उदाहरण घेऊन ठोकळा पद्धती आणि गोधडीची थरांवरील शिवण यांतील अचूकतेच्या दोन कल्पना प्रस्तुत लेखात स्पष्ट केल्या आहेत. बंगालची कंथा, सिद्दी समाजाची कवंद आणि अमेरिकी समीक्षेचा अनुभव यांच्या आधारे पुणे परिसरातील अभ्यासासाठी काही निकष सुचविले आहेत.

बीजशब्द : गोधडी, वाकळ, ठिगळकाम, चांदणी, धावदोरा, स्त्रीश्रम, वस्तुसंस्कृती

१. प्रास्ताविक

प्रदेशपरत्वे गोधडी, गोदडी, वाकळ अशा नावांनी ओळखली जाणारी जुन्या कापडाची पांघरुणे महाराष्ट्रातील घराघरांत पिढ्यानपिढ्या शिवली गेली आहेत. तिच्याभोवती मराठीत जी शब्दसंपत्ती आहे, ती तपासली असता एक लक्षणीय गोष्ट आढळते. गोधडी ज्या तुकड्यांची बनते, त्यांना मराठीत चिंधी, लक्तर, ठिगळ, कात्रण असे शब्द आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांना कमीपणाची छटा आहे. लक्तरे वेशीवर टांगली जातात. आभाळच फाटले तर ठिगळ कोठे कोठे लावणार, असे विचारले जाते. याउलट तुकडे जोडून जी वस्तू सिद्ध होते, तिच्याविषयी बोलताना भाषा एकदम हळवी होते. ऊब, माया, आठवण हे शब्द गोधडीला जणू जन्मतःच चिकटलेले असतात.

लाजेपासून मायेपर्यंतच्या या उडीत मधला टप्पा सुटतो. तो टप्पा कामाचा आहे. चिंधीची गोधडी होण्यासाठी कोणीतरी निवड केलेली असते, माप घेतलेले असते, कोणता तुकडा वर आणि कोणता आत हे ठरविलेले असते आणि कित्येक दिवस सुई चालविलेली असते. या मधल्या टप्प्याला समीक्षेत स्थान कसे देता येईल, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा नाही. ज्या कामाचे वर्णन करण्यासाठी भाषेत निकष नसतात, त्या कामाची मजुरी ठरवितानाही निकष सापडत नाहीत.

२. रूपक झालेली गोधडी

शालेय पाठ्यपुस्तकात समाविष्ट झालेली डॉ. कैलास दौंड यांची ‘गोधडी’ ही कविता या संदर्भात विचारात घेण्याजोगी आहे. गोधडी ही चिंध्यांची केवळ गोळाबेरीज नसून ऊब आहे, ही तिची मध्यवर्ती भूमिका. ही भूमिका कवी अमूर्तपणे मांडत नाही. आईवडिलांची आणि नातलगांची वस्त्रे गोधडीत कशी सामावली आहेत, याच्या नोंदींतून तो ती उभी करतो. हीच या कवितेची खरी शक्ती आहे. कुटुंबाचा इतिहास येथे कपड्यांच्या यादीच्या रूपाने येतो आणि यादी हाही एक प्रकारचा दस्तऐवजच असतो. परंतु कवितेचे वाचन अनेकदा ‘आईची माया’ या एका उत्तरापाशी संपविले जाते. कपडा कोणाचा होता, हे वाचकाला कळते. तो तुकडा त्याच जागी का बसविला, हा प्रश्न विचारला जात नाही.

या ठिकाणी ॲलिस वॉकर यांच्या ‘एव्हरीडे यूज’ (१९७३) या कथेशी तुलना उद्बोधक ठरते. या कथेतही दोन जुनी जोडकामाची पांघरुणे आहेत आणि त्यांतही आजी-आजोबांच्या कपड्यांचे तुकडे आहेत. शहरात शिकलेली डी ही मुलगी ती भिंतीवर टांगण्यासाठी मागते. घरी राहिलेल्या मॅगीला ती लग्नानंतर वापरण्यासाठी मिळायची असतात. आई अखेर ती मॅगीच्या हाती देते. कथेचे वाचन बहुधा वारसा विरुद्ध प्रदर्शन या द्वंद्वाच्या आधारे केले जाते. मात्र कथेतील एक तपशील त्याहून महत्त्वाचा आहे : मॅगीला अशी पांघरुणे शिवता येतात; जुनी झिजली तर ती नवी करू शकते. वारसा वस्तूत आहे की कौशल्यात, हा कथेचा कळीचा प्रश्न आहे आणि लेखिकेचा कल कौशल्याकडे आहे.

आणखी एक सूक्ष्म फरक नोंदविला पाहिजे. वॉकर यांची निवेदक आई तुकड्यांच्या मालकांबरोबर पांघरुणांच्या नमुन्यांची नावेही सांगते. त्यांतील एक ‘लोन स्टार’, म्हणजे एकच मोठी चांदणी असलेला नमुना आहे. नमुन्याला नाव असणे म्हणजे त्या कामाला व्याकरण असल्याची कबुली होय. दौंड यांच्या कवितेचा भर कपडा कोणाचा यावर आहे, रचनेवर नाही. हा कवितेचा दोष मानण्याचे कारण नाही, कारण कवितेने तंत्राचे वर्णन करावे अशी अपेक्षाच चुकीची ठरेल. ती जबाबदारी समीक्षेची आहे आणि मराठी समीक्षेने ती अद्याप पुरेशी उचललेली नाही.

३. चांदणीची शिवण : अचूकतेच्या दोन कल्पना

तंत्राकडे पाहिल्याने समीक्षेला काय मिळते, हे एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. अमेरिकी परंपरेतील जोडकामात ठोकळा हे मूळ एकक असते. आठ टोकांच्या चांदणीचा १२ इंची ठोकळा घेतला, तर त्यात मध्यभागी ६ इंचांचा चौकोन, चार कोपऱ्यांत ३ इंचांचे चार चौकोन, चांदणीच्या टोकांचे आठ लहान त्रिकोण आणि त्यांच्यामधील पार्श्वभूमीचे चार मोठे त्रिकोण असे एकूण १७ तुकडे येतात. प्रत्येक शिवणीसाठी पाव इंच मार्जिन धरावे लागते. त्यामुळे मधला चौकोन साडेसहा इंचांचा आणि कोपऱ्याचे चौकोन साडेतीन इंचांचे कापले जातात. टोकांच्या त्रिकोणांसाठी ३ इंच ७ सूत मापाचे चार चौकोन कर्णावर कापतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). मोठ्या त्रिकोणांसाठी सव्वासात इंचांचा एक चौकोन दोन्ही कर्णांवर कापला की चार तुकडे मिळतात.

या पद्धतीत चूक साचत जाते. प्रत्येक शिवणीत कापड केवळ अर्धा सूत जास्त दाबले गेले, तरी दोन्ही बाजूंचे मिळून एका शिवणीत एक सूत कमी होते. आडव्या ओळीत अशा दोन शिवणी असल्याने ओळ पाव इंचाने आखूड होते. चांदणीचे टोक ठोकळ्याच्या कापलेल्या कडेपासून बरोबर पाव इंच आत राहिले पाहिजे. ते त्याहून कडेला सरकले, तर शेजारचा ठोकळा जोडताना टोक शिवणीत गाडले जाते आणि चांदणी बोथट दिसते. ‘लोन स्टार’ नमुन्यात ही जोखीम वाढते. त्यात ४५ अंशांच्या कोनाचे आठ मोठे समभुज चौकोन मध्यबिंदूभोवती येतात आणि प्रत्येक मोठा चौकोन लहान लहान समभुज चौकोनांचा बनलेला असतो. या तुकड्यांच्या काही कडा उरेब येतात, म्हणजे त्या ताण्याच्या किंवा बाण्याच्या दिशेने न जाता तिरक्या जातात. उरेब कड हाताच्या हलक्या ओढीनेही ताणली जाते. आठही कोन मिळून ३६० अंश नेमके भरले नाहीत, तर मध्यभागी कापडाला फुगा येतो.

गोधडीची शिवण मुळातच वेगळ्या तत्त्वावर उभी आहे. येथे आधी तुकडे जोडून वरचा पदर तयार करणे आणि मग तो अस्तराला शिवणे असा क्रम अनिवार्य नसतो. खाली मऊ सुती लुगड्याचे अस्तर अंथरले जाते, त्यावर जुन्या कापडाचे थर लावले जातात, वर तुकडे मांडले जातात आणि कच्च्या टाक्यांनी सर्व थर धरून धावदोऱ्याच्या ओळी घातल्या जातात. कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन अशा ओळी आत सरकत जाण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. जोडणे, सजविणे आणि थर बांधणे ही तीन कामे एकाच टाक्याने होतात. नऊवारी लुगडे चार पदरी केले, की सुमारे सव्वादोन वार लांबीचे, म्हणजे माणसाच्या अंथरुणाएवढे कापड होते. गोधडीचे माप अशा रीतीने वस्त्राच्या मापातून सहज निघते. टेपाची गरज पडत नाही.

या पद्धतीत चांदणी साधावयाची असेल, तर टोक कापून नव्हे, तर घडी घालून मिळविता येते. चौकोनी तुकडा कर्णावर दुमडला की त्रिकोण होतो. त्याच्या कच्च्या कडा शेजारच्या तुकड्याखाली किंवा घडीत जातात. टोक शिवणीत गाडले जाण्याचा दोष येथे सहसा उद्भवत नाही. त्याऐवजी दुसरी अडचण येते : निमुळत्या टोकाशी घडीचे थर जमून कापड जाड होते, दाभण अडते आणि टाका मोठा पडतो. शिवणारीला टोक तीक्ष्ण करावयाचे की टाका समान राखावयाचा, यात निवड करावी लागते. अनेक गोधड्यांतील त्रिकोण भूमितीच्या दृष्टीने किंचित बोथट दिसतात, त्याचे एक कारण येथे शोधता येईल. त्याला सरसकट अडाणीपणा म्हणणे चुकीचे होईल. झोपताना अंगाला टोचणार नाही अशी सपाट कड मिळविण्यासाठी केलेली ती तडजोडही असू शकते.

यावरून असे म्हणता येईल, की ठोकळा पद्धतीतील अचूकता मापात आहे, तर गोधडीतील अचूकता झिजेच्या जाणिवेत आहे. कोणते कापड अजून दोन वर्षे टिकेल, कोणते आतच गेले पाहिजे, लुगड्याचा काठ कडेला लावला तर ती किती मजबूत होईल, हे निर्णय शिवणारी हाताच्या स्पर्शाने घेते. पहिल्या पद्धतीच्या निकषांनी दुसरीला गुण देणे म्हणजे अभंगाला वृत्ताच्या गणांनी तपासण्यासारखे आहे.

४. कंथा आणि कवंद

गोधडीला समीक्षा का लाभली नाही, याचे उत्तर बंगालच्या कंथेशी तुलना केल्यास काही अंशी मिळते. कंथाही जुन्या वस्त्रांचे थर धावदोऱ्याने शिवूनच होते. परंतु तिच्यावर कमळ, प्राणी, रथ, कथाप्रसंग यांची चित्रे असतात. जसीमुद्दीन यांचे ‘नक्षी कांथार माठ’ (१९२९) हे काव्य कंथेला साहित्यात घेऊन आले; स्टेला क्रामरिश यांनी १९३९ मध्ये कंथेवर स्वतंत्र निबंध लिहिला; गुरुसदय दत्त यांच्या संग्रहात तिला स्थान मिळाले. कंथेत समीक्षकाला ‘वाचण्यासारखे’ चित्र सापडले. गोधडीचा आशय चित्रात नसून ओळींच्या अंतरात, रंगांच्या शेजारात आणि थरांच्या वजनात असतो. चित्र हेच अर्थाचे एकमेव वाहन मानणाऱ्या दृष्टीला ती मुकी वाटते.

तंत्राच्या दृष्टीने गोधडीला अधिक जवळची आहे ती उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड परिसरातील सिद्दी स्त्रियांची कवंद. तीही कडेपासून आत शिवत नेली जाते. तिच्या कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावले जातात; त्यांना फूल म्हणतात आणि त्यांच्याशिवाय कवंद पुरी झाली असे मानले जात नाही. अमेरिकी कलेतिहासकार हेन्री ड्रेवल यांनी या कामाचा अभ्यास केला आणि २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या शॉमबर्ग केंद्रात त्याचे प्रदर्शन झाले. ‘फूल’ या एका शब्दाचे महत्त्व येथे ध्यानी घ्यावे. शिवणाऱ्या समाजाकडे पूर्णतेचा स्वतःचा निकष आहे आणि त्यासाठी नाव आहे. मराठी प्रदेशात तुकड्यांच्या मांडणीसाठी, कोपऱ्यांसाठी, ओळींच्या प्रकारांसाठी कोणते शब्द वापरात आहेत, याची पद्धतशीर नोंद झाली, तर गोधडीचे व्याकरण तिच्याच भाषेत मांडता येईल.

५. प्रतिष्ठेनंतरचे प्रश्न

गोधडीला कलेचा दर्जा दिला की प्रश्न सुटतो, असा एक समज आहे. अमेरिकेतील अनुभव त्याला पुष्टी देत नाही. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांच्या संग्रहातील जोडकामाची पांघरुणे अमूर्त चित्रांप्रमाणे भिंतीवर टांगण्यात आली. प्रेक्षकांना प्रथमच त्यांतील रंगरचनेकडे पांघरुणाचा उपयोग विसरून पाहता आले. हा त्या प्रदर्शनाचा लाभ निर्विवाद आहे. मात्र पॅट्रिशिया मायनार्डी यांनी १९७३ मधील आपल्या निबंधात या दृष्टीतील उणीव दाखविली. स्त्रियांच्या या कलेला स्वतःची परंपरा, नावे आणि जाणीवपूर्वक रचना असताना तिचे मोल पुरुष चित्रकारांच्या अमूर्त कलेशी असलेल्या साम्यावरून ठरविणे त्यांना अमान्य होते. पुढे बेल हुक्स यांनी आपल्या आजीच्या पांघरुणांविषयी लिहिताना कृष्णवर्णीय स्त्रियांच्या निनावीपणाचा प्रश्न उपस्थित केला.

२००२ मध्ये अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीतील स्त्रियांच्या कामाचे प्रदर्शन ह्यूस्टन येथे आणि नंतर व्हिटनी संग्रहालयात भरले. या वेळी निर्मात्या स्त्रियांची नावे ठळकपणे पुढे आली. तरीही २००७ मध्ये काही स्त्रियांनी मोबदला आणि हक्क यांवरून न्यायालयात दावे दाखल केले. २००८ मध्ये ते मिटविण्यात आले. नाव मिळाल्यानंतरही नमुन्यावरील हक्क कोणाचा, हा प्रश्न उरतो, हे यातून दिसून येते. भारतातील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलात्मक कारागिरीच्या कृतींचा समावेश आहे. परंतु निर्मातीचे नाव आणि कृतीची नोंद नसेल, तर अशा तरतुदीचा उपयोग होणे कठीण आहे.

६. पुणे : संग्रह, शिक्षण आणि बाजार

पुणे शहराच्या संदर्भात हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. स्त्रियांच्या शिवणकामाला शिक्षणाचे आणि स्वावलंबनाचे साधन मानण्याची येथे जुनी परंपरा आहे. रमाबाई रानडे यांच्या कार्याशी निगडित पुण्याच्या सेवासदनाने १९०९ पासून स्त्रीशिक्षणाबरोबर हस्तव्यवसायांनाही स्थान दिले. नवे कापड बेतणे आणि शिवणे याला त्यातून व्यवसायाची प्रतिष्ठा मिळाली. जुन्या कापडाची गोधडी मात्र घरकामाच्याच वर्गात राहिली.

वस्तूंच्या बाबतीत शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण बोलके आहे. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी अशा नित्याच्या वस्तू संग्रहणीय आहेत, हे दिनकर केळकर यांनी शहराला दाखवून दिले. स्त्रियांच्या शब्दांच्या बाबतीत असेच काम हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी केले. त्यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि गाणाऱ्या स्त्रीचे नाव व गाव नोंदविण्याची शिस्त पाळली गेली. जाते थांबले तरी ओवी उरली, ती या नोंदीमुळे. गोधडीच्या बाबतीत काळ अधिक प्रतिकूल आहे. ओवी स्मरणात टिकू शकते. गोधडी वापराने झिजते आणि अखेरीस पायपुसणे होते. जुनी गोधडी दुसऱ्या गोधडीच्या पोटातही जाते. झीज हीच जिची जीवनरीत आहे, अशा वस्तूची नोंद ती वापरात असतानाच करावी लागते.

ग्रंथरूपाने झालेल्या कामात गीता खंडेलवाल यांचे महाराष्ट्रातील गोधड्यांवरील इंग्रजी पुस्तक (२०१३) उल्लेखनीय आहे. ते फ्रान्समधील प्रकाशनसंस्थेने काढले. स्वतः जोडकाम करणाऱ्या व्यक्तीने महाराष्ट्रातील गोधडीला स्वतंत्र ग्रंथाचा विषय केले, हे त्याचे मोठे श्रेय होय. तथापि ज्या स्त्रिया गोधडी शिवतात, त्यांच्या भाषेत हे ज्ञान परत येणे ही पुढची पायरी आहे.

बाजाराची स्थिती याच्याशी थेट निगडित आहे. ग्राहकाने घरचे जुने कापड द्यावे आणि मजुरी देऊन गोधडी शिवून घ्यावी, ही पद्धत शहरात परिचित आहे. त्याचबरोबर नव्या कापडाच्या तयार गोधड्या दुकानांतून आणि प्रदर्शनांतून विकल्या जातात. सुती नऊवारीचा वापर घटल्याने कृत्रिम धाग्याच्या साड्या गोधडीत आल्या. त्या निसरड्या असल्याने थर सरकतात आणि घामही शोषला जात नाही. म्हणजे काम अवघड झाले, तरी मजुरीची चर्चा बहुधा लांबी-रुंदीवरच होते. ओळींची दाटी, त्रिकोणांची संख्या, रंगांची मांडणी यांचा हिशेब क्वचितच होतो. विक्रीच्या जाहिरातीत ‘आजीची माया’ असते, पण माया मोजता येत नाही आणि जिचे माप नाही तिची मजुरी वाढवूनही मागता येत नाही. रूपकाचा हा व्यावहारिक परिणाम समीक्षेने दुर्लक्षिता कामा नये.

७. समारोप

मायेचे रूपक खोटे आहे, असा या विवेचनाचा अर्थ नाही. अनेक गोधड्या खरोखरच प्रेमाने शिवल्या गेल्या. परंतु अनेक गरजेपोटी, काही नाइलाजाने आणि काही मजुरीसाठीही शिवल्या गेल्या आणि त्या सर्वांतच कमी-अधिक कौशल्य आहे. रूपकाने पहिल्या प्रकारालाच सर्वांचे प्रतिनिधी केले. या विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात :

१) गोधडीविषयक साहित्याचे वाचन करताना कपड्यांच्या स्मृतीबरोबर रचनेचा आणि श्रमाचाही विचार व्हावा.

२) ठोकळा पद्धतीचे मापनिष्ठ निकष गोधडीला जसेच्या तसे लावू नयेत. थरांचे संतुलन, टाक्यांची समानता, कापडाच्या झिजेनुसार केलेली निवड, कोपऱ्यांची बांधणी आणि रंगांचा परस्परसंबंध हे तिच्यासाठी अधिक योग्य निकष ठरतात.

३) केवळ कलेचा दर्जा देणे पुरेसे नाही, निर्मातीचे नाव, तिची संमती आणि मोबदला हे समीक्षेच्या कक्षेतील प्रश्न मानले पाहिजेत.

४) मराठी, इतिहास, समाजशास्त्र, गृहविज्ञान आणि गणित या विभागांना एकत्र येऊन महाविद्यालयीन स्तरावर नोंदीचे काम करता येईल. शिवणारीची ओळख तिच्या इच्छेनुसार, वापरलेली वस्त्रे, थरांची संख्या, ओळींची दिशा, मांडणीची स्थानिक नावे, लागलेले दिवस आणि मिळालेली मजुरी एवढ्या रकान्यांचे साधे नोंदपत्रकही सुरुवातीला पुरेसे आहे.

विद्यार्थ्यांच्या घरांत आजही गोधड्या आहेत आणि त्या शिवणाऱ्यांपैकी अनेक जणी आज बोलण्यासाठी उपलब्ध आहेत. त्यांना ‘गोधडी म्हणजे काय वाटते’ हा प्रश्न पुष्कळदा विचारला गेला आहे. ‘हा त्रिकोण येथे का लावला’ हा प्रश्न विचारला, तर मिळणारी उत्तरे मराठी समीक्षेच्या परिभाषेत भर घालतील.